जिनिंगच्या रिपोर्टात ओळी सरकतात: स्पेस भरायच्या की रकाने आखायचे?

कापूस खरेदीची यादी डेटाबेसमधून छापताना गावाचं नाव एका ओळीत, वजन भलत्याच रकान्यात. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, स्पेस भरून जुळवणं, म्हणजे प्रत्येक नावापुढे मोकळ्या जागा टाकून ते ठरावीक अक्षरसंख्येचं करणं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर 10 सीपीआयला (इंचाला 10 अक्षरं) 8 इंचांत 80 अक्षरं बसतात आणि कार्बन कॉपीही निघते. इंग्रजी पावतीला हे उत्तम. फक्त कागदाची लांबी सेटिंगमध्ये तपासा. इंचाला 6 ओळी धरल्या तर 11 इंची कागदावर 66 ओळी येतात. तिथे ए-4 निवडलं असेल तर दर पानाला छपाई सुमारे 4 ओळी खाली घसरते.

पण मराठी नावं आली की हा उपाय कोलमडतो. ‘पांढरकवडा’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत) 9 चिन्हांचा, कागदावर मात्र 6 अक्षरांचा. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, म्हणून स्पेस कमी भरल्या जातात. त्यातच अक्षरांची रुंदीही सारखी नसते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही.

तिथे दुसरा उपाय घ्या: रिपोर्टात प्रत्येक रकान्याची रुंदी मिलिमीटरमध्ये ठरवा, आकडे उजवीकडे टेकवा, पीडीएफ काढा आणि ‘फिट टू पेज’ (मजकूर पानात बसवायला आकार बदलणारा पर्याय) बंद ठेवून 100 टक्क्यांवर छापा. मांडणीला एकदा वेळ लागतो, पण शेतकऱ्याचं नाव आणि त्याचे क्विंटल एकाच ओळीत राहतात. मराठी यादीसाठी मी हाच निवडेन.