जळत्या अंतराळ स्थानकाचे चित्र: छायाचित्र घ्यावे की कल्पनाचित्र?

पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळणाऱ्या अंतराळ स्थानकाचे चित्र भिंतीवर लावायचे ठरवले, तर खरी निवड दोनच पर्यायांत असते: प्रत्यक्ष टिपलेले छायाचित्र मोठे करून छापून घेणे किंवा चित्रकाराने रंगवलेले कल्पनाचित्र विकत घेणे. कॅनव्हास, धातू की ॲक्रिलिक, हा प्रश्न त्यानंतरचा आहे, मात्र काळ्या पार्श्वभूमीच्या चित्रात तोही दुय्यम राहत नाही.

छायाचित्राची जमेची बाजू उघड आहे. ते घडलेल्या गोष्टीचे असते. रशियाचे सुमारे १३० टनांचे ‘मीर’ २३ मार्च २००१ रोजी दक्षिण प्रशांत महासागरात पाडण्यात आले, तेव्हा फिजी बेटांवरून सोनेरी शेपट्या असलेल्या तुकड्यांची रांग आकाशातून सरकताना दिसली. अडचण अशी, की ती दृश्ये मुख्यतः त्या काळच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत. अशा चित्रचौकटीची रुंदी साधारण ७२० पिक्सेल असते, आणि भिंतीवरच्या चित्रासाठी इंचाला १५० पिक्सेल हे माफक प्रमाण धरले, तरी पाच इंचांपलीकडे ती स्पष्ट राहत नाही. तीच चौकट तीन फुटांपर्यंत ताणली, तर उरतात पिवळट डाग. याहून स्वच्छ छायाचित्रे युरोपच्या ‘ज्यूल व्हर्न’ची आहेत, २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याचा शेवट दोन विमानांतून मुद्दाम टिपण्यात आला होता. मात्र ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला रसद पोहोचवणारे मालवाहू यान होते, स्थानक नव्हे, त्यामुळे विक्रेत्याने चित्राखाली काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. शिवाय कोणत्याही खऱ्या छायाचित्रात स्थानकाचा आकार ओळखू येत नाही, आणि माहिती नसलेला पाहुणा त्याला उल्का किंवा दिवाळीतला बाण समजण्याची शक्यता बरीच आहे.

कल्पनाचित्रात आकार दिसतो, रंग भरपूर असतात आणि मूळ फाइल पुरेशी मोठी असेल तर छपाई कितीही मोठी करता येते. तिथे अडचण सत्याची आहे. बाजारातल्या बहुतेक चित्रांत सौर पंख्यांसह (म्हणजे पंखांसारख्या पसरलेल्या, वीज बनवणाऱ्या सौर पट्ट्यांसह) अख्खे स्थानक मशालीसारखे पेटलेले दाखवतात, पण घटनाक्रम तसा नसतो. शंभर-एकशे दहा किलोमीटर उंचीच्या आसपास आधी सौर पंखे उखडतात, त्यानंतर आणखी खाली, ऐंशी किलोमीटरच्या सुमारास, मुख्य भाग एकमेकांपासून तुटतात. सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, आणि तो उजेड प्रामुख्याने तिचा असतो. म्हणून प्रखर झळाळी पुढच्या अंगाला आणि शेपटी प्रवासाच्या उलट दिशेला असायला हवी. चुलीतल्यासारख्या वर जाणाऱ्या ज्वाळा रंगवल्या असतील, तर चित्रकाराने अभ्यास केलेला नाही असे खुशाल समजावे.

आणखी एक कसोटी अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या स्थानकाची आहे. १९७९ च्या जुलैत ते कुठे पडेल या धास्तीने भारतातही लोक आभाळाकडे पाहत होते. अखेर ११ जुलै रोजी त्याचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्याच्या मुख्य भागाचा एक सौर पंखा १९७३ मध्ये उड्डाणाच्या वेळीच तुटून गेला होता. चित्रात त्या भागाला दोन्ही बाजूंनी पंखे दिसले, तर ते चित्र सोडून द्यावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या दहनाची चित्रेही मिळतात, पण सुमारे ४२० टनांचे ते स्थानक खाली आणण्याचे नियोजन २०३० नंतरचे असल्याने तिथे चित्रकाराला मोकळे रान आहे.

माझा कौल असा: दिवाणखान्यातल्या मोठ्या भिंतीसाठी कल्पनाचित्रच घ्यावे, पण तुटत असलेल्या ‘मीर’चे, कारण अनेक भाग जोडून बनलेला त्याचा वेडावाकडा सांगाडा विस्कटतानाही ओळखू येतो. लिहिण्याच्या टेबलाशेजारी, जिथे चित्र हातभर अंतरावरून पाहिले जाते, तिथे रुंद पांढऱ्या माउंटमधले (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीतले) लहान छायाचित्र अधिक शोभते, आणि त्याचा संयत काळेपणा डोळ्यांना रोज खुपत नाही.

माध्यमाबाबत म्हणाल, तर मॅट कॅनव्हासवर गडद काळा किंचित राखाडी होतो, तर चकचकीत ॲक्रिलिकवर तो खोल उतरतो, पण समोर खिडकी असेल तर दिवसभर चित्राऐवजी खिडकीच दिसते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरा थर न देता छापल्यास उजळ भागांतून धातू चमकतो, आणि हा विषय त्या चमकेला फार मानवतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी धरू शकते, तिथेही पत्राच बरा. कॅनव्हासच घ्यायचा असेल, तर कडांवर दुमडल्या जाणाऱ्या दीड-दोन इंचांत एखादा जळता तुकडा जात नाही ना, हे छपाईआधी नमुन्यावर पाहून घ्यावे.