विद्यापीठ खरं होतं, माझी मार्कशीट खोटी निघाली

एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझ्या खोट्या एमबीएची ही हकीकत ऐकली की प्रत्येक जण विचारतो, विद्यापीठ खरं आहे का ते बघितलं नव्हतं का? हो, मी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत विद्यापीठाचं नाव बघितलं होतं. प्रवेश देणाऱ्या सेंटरच्या माणसाने दाखवलं म्हणून नाही, तर घरी येऊन स्वतःच्या मोबाइलवर. नाव होतं. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं, खासगी, पण कायद्याने स्थापन झालेलं, खरंखुरं. तरीही मी 95 हजार रुपये आणि दोन वर्षं घालवून बसले. यादी बघितली म्हणजे काम झालं असं समजणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

मी बी.कॉम., नागपूर विद्यापीठाची. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्स बघते. आमच्याकडे असिस्टंट मॅनेजरच्या वर जायचं तर एमबीए लागतं. नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजला जाणं शक्य नव्हतं, घरी मुलगी तेव्हा चौथीत. 2022 च्या ऑगस्टमध्ये ऑफिसमधल्या एका मुलीकडून सीताबर्डीवरच्या एका सेंटरचा पत्ता मिळाला. दुसरा मजला, काचेचं दार, भिंतीवर पदवीदान समारंभाचे फोटो. समोर बसलेले सर अतिशय गोड बोलायचे.

"ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ जी. मार्कशीट रेग्युलरची भेटते, कॉलेजला जायचं काम नाही. अटेंडन्स आपण पाहून घेतो."

त्याच वाक्याला मी उठून यायला हवं होतं. रेग्युलर म्हणजे वर्गात बसून केलेलं शिक्षण. जो कोणी वर्गात न बसता रेग्युलरची मार्कशीट देतो म्हणतो, तो तोंडावर सांगतो आहे की कागद खोटा असणार. मला त्या वेळी ती सवलत वाटली.

पैसे तीन हप्त्यांत दिले. पहिले 25 हजार, मग दोनदा 35 हजार. पहिल्या हप्त्यासाठी बाबांनी त्यांची एफडी मोडली. यूपीआयने पैसे गेले ते विद्यापीठाच्या खात्यात नाही, एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. विचारलं तर म्हणाले, "सेंटरचं खातं आहे, आम्ही पुढे भरतो." पावती गुलाबी कागदावर, हाताने लिहिलेली, खाली गोल शिक्का. त्यावर विद्यापीठाचं नाव कुठेच नाही. 'प्रोसेसिंग व मार्गदर्शन शुल्क' इतकंच. ती पावती मी दोन वर्षं फाइलमध्ये जपून ठेवली आणि एकदाही नीट वाचली नाही.

अभ्यास मात्र मी खरा केला, आणि याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. स्पायरल बायंडिंग केलेल्या झेरॉक्स नोट्स दिल्या होत्या. रात्री दहानंतर, मुलगी झोपली की, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून वाचायची. खेळत्या भांडवलाचं चक्र समजलं तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्याच कंपनीचे देणेकरी-घेणेकरी काढून ताडून पाहिलं, इतका आनंद झाला होता.

परीक्षा रविवारी, सेंटरच्याच वरच्या हॉलमध्ये. आम्ही चौदा जण. उत्तरपत्रिकेवर विद्यापीठाचा शिक्का नाही, नंबर नाही, साधे रेघांचे कागद टाचलेले. देखरेखीला तोच मुलगा जो खाली पावत्या फाडायचा. माझ्या शेजारच्या काकांनी त्याला विचारलं, "विद्यापीठाचं कोणी नाही आलं काय?" तो म्हणाला, "आपल्या सोयीसाठी सेंटर इथंच घेतलं ना जी." काका गप्प बसले, मीही बसले. तोवर 60 हजार जाऊन चुकले होते, आणि पैसा अडकला की माणूस स्वतःच स्वतःची समजूत घालायला लागतो.

निकालाची लिंक व्हॉट्सॲपवर आली. रोल नंबर टाकला की मार्क दिसायचे. साइट हुबेहूब विद्यापीठाची. पत्त्यात नावापुढे एक अक्षर जास्तीचं होतं, ते माझ्या भावाच्या लक्षात आलं, पण खूप उशिरा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मार्कशीट हातात आली. जाड कागद, होलोग्राम, सही. घरी पेढे वाटले.

पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला बुटीबोरीच्या एका मोठ्या कंपनीत माझी निवड झाली. पगारात तेरा हजारांचा फरक होता. जुन्या ठिकाणी राजीनामा दिला. तीन आठवड्यांनी एचआर मॅडमचा फोन. त्यांच्याकडे पदव्यांची पडताळणी बाहेरची एजन्सी करते, आणि एजन्सीने विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला थेट विचारलं होतं. उत्तर आलं, या क्रमांकाची कोणतीही विद्यार्थिनी आमच्याकडे नोंदलेली नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुम्ही अर्ज मागे घ्या, म्हणजे आम्हाला वेगळं काही लिहावं लागणार नाही." मला समजायला क्षणभर लागला. त्यांच्या नजरेत बनावट पदवी देऊन नोकरी मिळवू पाहणारी मी होते. फसलेली मी नव्हते. पैसे गेल्याचं दुःख नंतर आलं, पण त्या फोननंतर मी दिवसभर आईशीसुद्धा बोलू शकले नाही. जुन्या साहेबांनी राजीनामा परत घेऊ दिला, हे त्यांचे उपकार आहेत.

भावाने मग सगळं शोधून काढलं, आणि कायदा आधीच किती स्पष्ट आहे हे तेव्हा कळलं. पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे यूजीसीच्या 1956 च्या कायद्यातल्या कलम 22 मध्ये दिलं आहे. राज्याच्या कायद्याने झालेलं खासगी विद्यापीठ मनाला येईल तिथे केंद्र उघडून वर्ग चालवू शकत नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये एकाच कायद्याखाली अशी शंभराहून जास्त विद्यापीठं निघाली होती, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ती सगळी रद्दबातल ठरवली. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांसाठी फ्रँचायझी देऊन सेंटर चालवायला यूजीसीची सरळ मनाई आहे. म्हणजे सीताबर्डीवरचं ते दुकान, विद्यापीठाने परवानगी दिली असती तरी, बेकायदाच होतं. यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढते, त्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. पण माझ्यासारख्यांना ती यादी उपयोगी पडत नाही, कारण आमचं विद्यापीठ बोगस नव्हतंच. त्याचं नाव वापरणारा माणूस बोगस होता.

म्हणून विद्यापीठाच्या नावापाशी थांबू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए करणार असाल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या (डीईबी) साइटवर त्या विद्यापीठाला, त्याच अभ्यासक्रमासाठी, त्याच सत्रासाठी मान्यता आहे का ते बघा. मागच्या वर्षी होती म्हणून यंदा असेल असं नाही. 2024 पासून तर अशा प्रवेशाला डीईबी आयडी लागतो आणि तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. कोणी म्हणालं, आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा, तर तिथून निघा. फी विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवरून, विद्यापीठाच्या खात्यात. प्रवेश झाल्यावर आठवडाभरात परीक्षा विभागाला स्वतः ईमेल करून नोंदणी क्रमांक खरा का ते विचारा. मी हे पहिल्या हप्त्यानंतर केलं असतं तर 70 हजार वाचले असते.

नियमित कॉलेजचं म्हणाल तर आपल्याकडे रस्ता सरळ आहे. राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीएची सीईटी, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरी. खुल्या गटाला पदवीत 50 टक्के, राखीव गटाला 45. कॉलेजला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, त्या वर्षाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही विचारा. पीजीडीएम हा पदविका अभ्यासक्रम असतो, तो एआयसीटीई मान्य असेल तर चांगलाच, पण कोणी त्याला एमबीएची डिग्री म्हणून विकत असेल तर तो खोटं बोलतो आहे. आणि 'एका वर्षात एमबीए'वाले हमखास आयआयएमचं उदाहरण देतात. सेंटरच्या सरांनीही नागपूरच्या मिहानमधल्या आयआयएमचं नाव घेतलं होतं. आयआयएमना 2017 च्या स्वतंत्र कायद्याने पदवी देण्याचा अधिकार मिळाला आहे, आणि त्यांच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना नोकरीचा अनुभव आणि कडक निवड लागते. त्याचा या दुकानांशी काहीही संबंध नाही.

मी आता इग्नूला, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, एमबीएला प्रवेश घेतला आहे. बी.कॉम.ला 52 टक्के होते, तेवढे चालले. अर्ज स्वतः भरला, फी थेट विद्यापीठाला, पावतीवर माझा नोंदणी क्रमांक. दोन ते चार वर्षांत पूर्ण करता येतं. यावेळी पेढे वाटले नाहीत, निकाल लागला की वाटू.

सेंटरला आता कुलूप आहे, पाटी काढली आहे, फोन बंद. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. वकिलांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. कागद खोटा आहे हे कळल्यानंतर तो कुठेही, अगदी प्रोफाइलवरसुद्धा वापरू नका. आजवर तुम्ही फसलेले आहात, तिथून पुढे तुम्ही गुन्हेगार ठरता.

त्या हॉलमध्ये आम्ही चौदा जण होतो. बाकी तेरा जणांपैकी मला फक्त दोघांचे नंबर सापडले. शेजारी बसलेले ते काका कुठल्या तरी बँकेत होते, एवढंच आठवतं. ज्यांच्याकडे ती गुलाबी पावती आहे, गोल शिक्क्याची, 'प्रोसेसिंग व मार्गदर्शन शुल्क' लिहिलेली, त्यांनी ती फेकू नका. व्हॉट्सॲपवरचं संभाषण डिलीट करू नका, यूपीआयचे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये काढून ठेवा आणि सीताबर्डी पोलीस ठाण्यात आपली तक्रार द्या. लाजेपायी घरी बसू नका. मी दोन महिने बसले होते, तेवढ्यात त्यांनी पाटी उतरवली.