इंजिन पाणी खातंय: हेड उतरवण्याआधी कोणती तपासणी निवडावी?

ट्रकच्या टाकीतलं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण) कमी होतंय, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. अशा वेळी पहिला निकाल बहुतेकदा एकच असतो: हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवा. कधी कधी तो बरोबरही निघतो. पण टर्बो डिझेल इंजिनात कुलंट गुपचूप निघून जायला इतर वाटाही भरपूर आहेत. इजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा), ऑइल कूलर, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), इंजेक्टरची स्लीव्ह (त्याच्याभोवतीची नळी), शिवाय टर्बो पाण्यावर थंड होणारा असेल तर तोही. यातल्या बहुतेकांचा छडा हेडला हात न लावता लागतो. म्हणून खर्चाचा निर्णय घेण्याआधी कोणती तपासणी काय सांगते आणि कुठे चकवते, हे समजून घ्यायला हवं.

आधी पातळी नीट मोजा. इंजिन पूर्ण थंड, गाडी सपाट जागी, टाकीवर मार्करची खूण. गरम इंजिनात कुलंट फुगतं, त्यामुळे संध्याकाळी गरम पाहिलेली पातळी आणि सकाळी थंड पाहिलेली पातळी यांची तुलना करून काहीच कळत नाही. गरम असताना झाकण उघडू नका. आतलं कुलंट दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर उडतं.

झाकणाचा विषय निघालाच आहे, तर संशयितांच्या यादीत त्यालाच पहिलं धरा. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंश सेल्सिअसला उकळतं. झाकणाने 1 बार दाब धरला, तर तेच 130 अंशांच्या आसपास जातं. स्प्रिंग किंवा रबर कमजोर झालं की चढावर लोड असताना कुलंट झाकणातून बाहेर पडतं, गरम इंजिनावर वाळतं आणि मागे फक्त पांढरट किंवा रंगीत पापुद्रा उरतो. टेस्टरवर झाकण तपासायला काही मिनिटं लागतात, तरी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

प्रेशर टेस्ट की यूव्ही डाय?

हातपंपाने कुलंटच्या सर्किटमध्ये झाकणावर लिहिलेला दाब भरायचा आणि काटा पाहत राहायचं. बाहेरची गळती शोधायला याहून सोपं साधन नाही. पण ही टेस्ट एकदा थंड आणि एकदा गरम इंजिनावर करावी. होज पाइपच्या क्लिपा थंडीत सैल पडतात आणि गरम झाल्यावर घट्ट बसतात, तर धातूची बारीक चीर नेमकी उलटी वागते. फक्त गरम इंजिनावर पाहणाऱ्याला क्लिप सापडत नाही, फक्त थंड इंजिनावर पाहणाऱ्याला चीर.

काटा उतरतोय, पण बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर गळती बहुधा आत आहे. ती नेमकी कुठे, हे मात्र ही टेस्ट एकटी सांगत नाही.

यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) उपयोगी पडतो तो गळती फक्त लोडवर होत असेल तेव्हा. डाय टाकायचा, गाडी नेहमीच्या कामाला पाठवायची आणि परत आल्यावर अंधारात यूव्ही दिवा मारायचा. वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, हीटरच्या जोडण्या, टर्बोला जाणारे कुलंटचे पाइप अशा वाळून जाणाऱ्या जागा त्यात चमकतात. निवड करायची असेल तर माझं मत प्रेशर टेस्टला. त्यात काही न सापडल्यास मग डाय.

गॅस टेस्ट: सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त फसवणारी

टाकीच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा निळ्या द्रवातून ओढली जाते. हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव हिरवा किंवा पिवळा होतो. रंग बदलला की लगेच हेड गॅस्केटवर शिक्कामोर्तब होतं, आणि इथेच घाई नडते.

इजीआर कूलरमध्ये एका बाजूला कुलंट असतं आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. टर्बो इंजिनात लोडवर टर्बोच्या अलीकडचा धुराचा दाब कुलंटच्या दाबापेक्षा जास्त होऊ शकतो. कूलरची नळी तडकली असेल तर तेव्हा धूर कुलंटमध्ये घुसतो, आणि इंजिन बंद केल्यावर उलटं, कुलंट धुराच्या बाजूला झिरपतं. त्यामुळे टाकीत बुडबुडे, कडक होज, रंग बदललेला द्रव, सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर ही सगळी लक्षणं गॅस्केटसारखीच दिसतात. गॅस टेस्ट एवढंच सांगते की ज्वलनाचा वायू कुलंटपर्यंत पोहोचला. कोणत्या वाटेने, ते तिला कळत नाही.

उलट चूकही तितकीच सहज होते. डिझेल इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) भरपूर जादा हवेत चालतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. शिवाय काही गॅस्केट बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) चढल्यावर, सिलिंडरमधला दाब वाढल्यावरच गळतात. आयडलवर रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट ठीक आहे असं समजू नका. इंजिन लोडवर चालवून आणा आणि मग तपासा. टाकीतलं कुलंट नळीत ओढलं गेलं तर निकालच बिघडतो, म्हणून इंजिन थंड असतानाच पातळी थोडी खाली घेऊन ठेवा.

बुडबुडे आहेत पण रंग अजिबात बदलत नाही, अशा वेळी कॉम्प्रेसरकडे वळा. पाण्यावर थंड होणाऱ्या एअर कॉम्प्रेसरचं हेड गॅस्केट गेलं की तो कुलंटमध्ये साधी हवा ढकलतो, आणि साध्या हवेने द्रवाचा रंग बदलत नाही. खात्री करणं सोपं आहे: हवेच्या टाक्या भरून गव्हर्नर कट-ऑफ झाला (म्हणजे कॉम्प्रेसरने हवा भरणं थांबवलं) की बुडबुडे थांबतात का, ते पाहा. टाक्यांचा ड्रेन उघडल्यावर नुसत्या बाष्पाऐवजी रंगीत, चिकट पाणी आलं तर शंकाच नको. एवढी तपासणी न करता हेड उतरवणं म्हणजे ट्रकच्या मालकावर अन्याय आहे.

इजीआर कूलर आधी की हेड आधी?

इजीआर कूलर आधी. तो बाहेरून काढता येतो, हेड उतरवण्याच्या मानाने काम कमी असतं आणि निकाल स्पष्ट मिळतो. कूलर काढण्याआधी धुराच्या बाजूचा पाइप आणि व्हॉल्व्ह उघडून पाहा. कोरडी काजळी असायला हवी तिथे ओल किंवा पांढरा थर असेल तर अर्धं उत्तर मिळालं. काढलेल्या कूलरची कुलंटची तोंडं बंद करून त्यात ठरलेल्या दाबाची हवा भरा आणि तो गरम पाण्यात बुडवा. थंड पाण्यात मिटलेली चीर गरम पाण्यात उघडते. कूलर धडधाकट निघाला तर मग सिलिंडरमध्ये एकेक करून हवा सोडा आणि कुलंटच्या टाकीत कोणत्या सिलिंडरला बुडबुडे येतात ते बघा. बोअरस्कोपमध्ये (सिलिंडरच्या आत पाहायच्या बारीक कॅमेऱ्यात) एकच पिस्टन वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर तो सिलिंडर संशयित. आता हेडची चर्चा रास्त आहे.

तेलाचा नमुना की चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवणं?

कुलंटच्या टाकीत तपकिरी चिकट थर असेल तर ऑइल कूलर पहिला. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कुलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून तेल कुलंटमध्ये जातं. बंद केल्यावर प्रवाह उलटू शकतो. टाकी स्वच्छ असूनही कुलंट कमी होत असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. गरम तेलातलं पाणी उडून जातं, त्यामुळे डिपस्टिकवर काहीच दिसत नाही, पण कुलंटच्या मिश्रणातलं सोडियम आणि पोटॅशियम मागे राहतं. सोबत त्याच ब्रँडच्या नव्या तेलाचा नमुना दिला तर आकडे वाचणं सोपं जातं.

नमुन्यात दोष दिसला तर चेंबर उतरवून, कुलंटच्या सर्किटमध्ये दाब ठेवून खालून टॉर्चने पाहा. लायनरच्या बाहेरून थेंब येत असेल तर खालची ओ-रिंग. आतल्या बाजूने येत असेल तर लायनरला पडलेलं छिद्र किंवा गॅस्केट. ओल्या लायनरच्या (ज्याला बाहेरून थेट कुलंट लागतं) बाहेरच्या पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे फुटून खड्डे पडतात, आणि त्यांपासून वाचवणारा थर कुलंटमधल्या रसायनांमुळे तयार होतो. कुलंट कमी झालं की दरवेळी साधं पाणी ओतत राहिलात, तर एका बिघाडातून दुसरा जन्माला घालाल.

जादा वेळ नसेल तर क्रम असा ठेवा: झाकण, प्रेशर टेस्ट, लोडनंतर गॅस टेस्ट, कॉम्प्रेसर, इजीआर कूलर, आणि सर्वांत शेवटी हेड. तेलाचा नमुना पहिल्याच दिवशी पाठवा, कारण अहवाल यायला वेळ लागतो. आणि सर्किटमध्ये रात्रभर दाब ठेवला असेल, तर सकाळी थेट सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये साचलेलं कुलंट दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कुठे अडलं, तर जोर न लावता इंजेक्टर काढा आणि पाणी कोणत्या सिलिंडरमधून येतं ते पाहा.