जुना पीसी गेममध्ये अडखळतोय: आधी ग्राफिक कार्ड घ्यावं की रॅम आणि एसएसडी?

चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, हार्ड डिस्क आणि २ जीबीचं ग्राफिक कार्ड. २०१३-१४ च्या सुमाराला असेंबल केलेले असे पीसी अजून बऱ्याच घरांत चालू आहेत. माझाही त्यातलाच, आय-५ ४५७० आणि जीटीएक्स ७५० टीआय. गेम लॅग मारायला लागले की खिशातले पैसे एकाच ठिकाणी घालता येतात. एक तर सेकंडहँड मोठं कार्ड घ्यायचं, नाहीतर साधारण तेवढ्याच पैशांत रॅमची दुसरी स्टिक आणि साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. मी दोन्ही वाटा याच कॅबिनेटमध्ये पाहिल्या. कार्ड मित्राकडून उसनं आणलं होतं, रॅम आणि एसएसडी नंतर विकत घेतली. लॅपटॉप असेल तर कार्डाची वाट बंदच, त्यामुळे ठरवायचं असं काही उरत नाही.

यातलं काहीही घेण्याआधी कॅबिनेट उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) बदला. दहा-दहा वर्षं वाळलेल्या पेस्टवर, ऐन मे महिन्यात, या पिढीचा प्रोसेसर १०० अंशांपर्यंत जातो आणि स्वतःच वेग कमी करून घेतो. अशा वेळी नव्या कार्डाचाही उपयोग होत नाही.

आता कार्डाबद्दल. मित्राचं जीटीएक्स १०५० टीआय लावल्यावर फरक लगेच दिसला, हे मान्य करायलाच हवं. जीटीए फाइव्ह हा गेम फुल एचडीवर सेकंदाला ५० चित्रांच्या (एफपीएस) आसपास घुटमळायचा, तो ७० च्या पुढे गेला. सावल्या, गवत, पाण्यावरची चमक असं एरवी बंद ठेवावं लागणारं बरंच काही चालू करता आलं. व्हिडिओ मेमरी २ ची ४ जीबी झाली, तेही जाणवतं, कारण २ जीबीच्या कार्डात टेक्स्चर मावेनासे झाले की चित्र धुरकट ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. हे कार्ड ७५ वॅटचं आहे आणि तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळते. माझ्याकडच्या कार्डाला वेगळी वायर लागली नाही, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला नाही.

पण माझं मन त्या कार्डावरून उडालं ते एका गोष्टीमुळे. जीटीएमधल्या लॉस सॅन्टोस शहरात गाडी जोरात पळवली की ठरावीक वळणांवर खेळ अर्धा सेकंद गोठायचा. गोठायचा म्हणजे आवाजसुद्धा अडकायचा, आणि सुटल्यावर गाडी खांबाला भिडलेली असायची. जुन्या कार्डावरही हेच व्हायचं. नव्या कार्डावर तर ते जास्त खुपायला लागलं, कारण मधला सगळा वेळ खेळ इतका सुरळीत चालायचा की तो झटका डोळ्यांत भरायचा. एका रात्री दिवा बंद करून खेळताना लक्षात आलं, की झटका बसतो नेमका त्याच क्षणी कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता सलग पेटलेला असतो. खेळ सुटला की तोही पुन्हा लुकलुकायला लागायचा. मग मुद्दाम तेच वळण पुन्हा पुन्हा घेऊन पाहिलं. दर वेळी झटका आणि दिवा बरोबरच.

टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर आणि मेमरी काठोकाठ भरलेली. म्हणजे काय होत होतं, तर ८ जीबी रॅममध्ये विंडोज, ब्राउझरचे टॅब आणि गेम मावत नव्हते. उरलेलं विंडोज पेज फाइलमध्ये, म्हणजे त्याच हार्ड डिस्कवर टाकत होतं. आणि गेमलाही पुढच्या गल्लीतल्या इमारती त्याच डिस्कवरून हव्या होत्या. एकच हेड इकडे पळणार की तिकडे? त्या अर्ध्या सेकंदात ग्राफिक कार्डाचा वापर एकदम खाली यायचा. पंगत पानावर बसलेली आणि वाढपी भात घेऊन येईचना, अशी त्या कार्डाची अवस्था होती. कार्ड आणखी मोठं घेतलं असतं तरी भात वेळेवर आला नसता.

रॅमची दुसरी ८ जीबीची स्टिक आणि साटा एसएसडी बसवल्यावर आकडा फारसा वाढला नाही. जुन्या कार्डावर ५० होते, ते ५५ झाले असतील. निव्वळ एफपीएसच्या आकड्यावर ठरवणाऱ्याला ही वाट फुकट वाटेल. पण ते झटके गेले. ब्राउझर उघडा ठेवूनही त्याच वळणांवरून गाडी सरळ निघून जायला लागली. दोन स्टिक झाल्यामुळे रॅम ड्युअल चॅनलवर आली, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करायला लागल्या, त्याचाही हातभार असणार, विशेषतः गर्दीच्या रस्त्यांवर. गेम उघडायला लागणारा वेळ कमी झाला आणि एकूण पीसीच हलका वाटायला लागला, पण त्याचं अप्रूप मला दुय्यम. खेळताना हात आणि पडदा यांच्यामधला विश्वास परत आला, हे मला मोठं वाटतं. जीटीए फाइव्हची मार्च २०२५ मध्ये आलेली नवी एन्हान्स्ड आवृत्ती तर एसएसडी सक्तीचीच करते, यावरूनही वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

अर्थात तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकून खेळताना कोपऱ्यात कार्डाचा वापर बघा. तो सतत ९७-९९ टक्के असेल, खेळ झटके न देता नुसताच संथ चालत असेल आणि रिझोल्यूशन फुल एचडीवरून ७२० वर आणल्यावर एफपीएस भराभर वाढत असतील, तर अडचण कार्डाचीच आहे. मग माझं ऐकू नका, कार्ड घ्या. रिझोल्यूशन उतरवूनही आकडा हलला नाही तर घोडं प्रोसेसर-रॅमच्या बाजूला अडलं आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांच्या जुन्या पीसीत बहुधा हेच सापडतं.

कार्डच घ्यायचं ठरलं तर दोन-तीन गोष्टी बघून घ्या. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने ७५० टीआय आणि १०५० टीआय या दोन्ही पिढ्यांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. त्यामुळे आज पैसे घालायचे तर मी १०५० टीआय सोडून जीटीएक्स १६५० शोधेन. बाजारात एएमडीचं आरएक्स ५८० हे कार्ड स्वस्तात मिळतं, ताकदही भरपूर, पण त्यातली बरीच कार्डं क्रिप्टोच्या खाणकामातून आलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद झालं आणि ती बाजारात आली. शिवाय ते १८५ वॅटचं आहे. लोकल एसएमपीएसवर लिहिलेल्या ४५० वॅटवर विसंबून ते लावायची माझी तरी तयारी नाही, आणि घरातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवरही ताण येतोच. आरएक्स ६४०० ला वीज कमी लागते, पण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्डाच्या स्लॉटच्या, चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. या पिढीच्या स्वस्त एच८१ मदरबोर्डावर मुख्य स्लॉट जुन्या २.० वेगाचा असल्याने तिथे त्याचा जीव गुदमरतो.

कार्डाच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. उद्या नवा पीसी घेतलात तर कार्ड तिकडे लावता येतं. एसएसडीही येते, डीडीआर३ रॅम मात्र जुन्या बोर्डाबरोबरच जाते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा हा विचार करावाच लागतो. म्हणून रॅम नवी कोरी घेऊ नये, असं मला वाटतं. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या पीसींच्या ८ जीबीच्या डीडीआर३ स्टिक दुरुस्तीच्या दुकानांत मिळतात. दुकानातच पीसीत लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवून घ्या.

एसएसडी बसवताना केबल कुठल्या पोर्टात जाते ते बघा. एच८१ बोर्डावर चारपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे असतात आणि त्यात बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क आधीच बसलेली असते. तिला बाजूच्या संथ पोर्टात हलवा. सगळे गेम एसएसडीवर मावणार नाहीत. जो आत्ता खेळताय तेवढाच स्टीमच्या सेटिंगमधल्या स्टोरेजमधून तिकडे हलवा, बाकीचे हार्ड डिस्कवर राहू द्या.