फंक्शनल स्पेक (म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं त्याचा लेखी तपशील) लिहून घेतला, ४ स्टार (एक स्टार इंग्रजीसाठी कापला)

गिरगावात आमचा फराळाचा धंदा आहे, दिवाळीला परदेशात पण पार्सलं जातात आणि ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲप आणि वहीवर, म्हणून सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरलं. कोटेशनं मागवली तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या चौपट, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच सॉफ्टवेअर. एकाने आयईईई ८३० चा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजा कशा लिहायच्या त्या स्टँडर्डचा टेम्प्लेट भरून पाठवला, ते १९९८ चं स्टँडर्ड २०११ लाच मागे पडलं आणि त्याच्या जागी २९१४८ नंबरचं आलं ते सोडा, पण आत नुसतं 'सिस्टिम यूझर फ्रेंडली असेल'. म्हणजे काय डोंबल?

मग ओळखीतून गोरेगावच्या एक मॅडम मिळाल्या, त्या कोडिंग करत नाहीत, फक्त स्पेक लिहून देतात. नुसतं लिहायचे पैसे? बाबा अजून हेच म्हणतात.

पण बाईंनी प्रश्न काय विचारले! चकली किलोवर आणि लाडू नगावर, मग मिक्स बॉक्स विकला की स्टॉक कशातून वजा? शेवटचे अनारसे दोघांनी एकदम कार्टमध्ये टाकले तर मिळणार कोणाला? पैसे कट झाले आणि ऑर्डर आलीच नाही तर? यावर भावाची आणि माझी उत्तरं वेगळी, तिथेच जुंपली, पण कोड लिहून झाल्यावर जुंपली असती तर बिल वाढलं असतं ना. कुरिअरचं पण त्यांनीच काढलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे वजन काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त भरलं तर चार्ज यावर लागतो, आणि चिवड्याचा खोका कायम हलका पण मोठा. एकाही डेव्हलपरने हे विचारलं नव्हतं.

हातात आलं ते स्क्रीनवार, साध्या चित्रांसकट, एरर मेसेज शब्द न् शब्द लिहिलेले. डेटाबेस कुठला वगैरे एक अक्षर नाही, ते डेव्हलपरने बघावं. जे ठरलं नाही ते पिवळ्यात आणि शेजारी कोण ठरवणार त्याचं नाव. 'या व्हर्जनमध्ये काय नाही' हे पान मला सगळ्यात आवडलं, हिशेब टॅलीतच राहणार, लॉयल्टी पॉइंट नाहीत, मोबाइल ॲप नाही. हाच स्पेक परत सगळ्यांना पाठवला तर आकडे बरेच जवळ आले, एकाने काम नको म्हणून सांगितलं, बरंच झालं.

आता तक्रार. सगळं इंग्रजीत. पॅकिंगचा स्क्रीन ज्या मावशी वापरणार त्यांना मलाच बसून मराठीत सांगावा लागला, आणि त्यांनी लगेच चूक काढली, एका ऑर्डरची दोन खोकी होतात हे त्यात नव्हतंच! शिवाय दोन फेऱ्यांनंतर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे, हे आधी नीट विचारून घ्या.

चार पानांची साधी वेबसाइट असेल तर गरज नाही. स्टॉक, पेमेंट, डिलिव्हरी असं काही असेल तर घ्या, फक्त दिवाळीचं काम असेल तर उन्हाळ्यातच गाठा, गणपतीत मॅडम फोन उचलत नाहीत.