गांधी मालिकेच्या नव्या नोटा: चित्र चांगलं, भाषापट्टी उत्तम, माप फसलेलं

बेळगावात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुणाची अक्षरं मोठी, यावरून काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच पाटीखालच्या गल्ल्यात मात्र पंधरा भाषा एका पट्टीत, सारख्या अक्षरांत गुमान बसलेल्या असतात. पन्नासची नोट उलटी करा. डावीकडच्या पट्टीत चौथी ओळ कन्नड, 'ऐवत्तु रूपायिगळु'. आठवी मराठी, 'पन्नास रुपये'. मधे सहाव्या ओळीत कोकणी. क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून लावलाय, त्यामुळे 'के' आधी आणि 'एम' नंतर. भांडायला जागाच नाही. क्रमाचा असा काही नियम नसला की काय होतं ते मॉरिशसनं १९९८ मध्ये पाहिलं. तिथं नव्या नोटांवर तमिळ ओळ आधीच्या जागेवरून हिंदीच्या खाली गेली, तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घेऊन दुसऱ्या छापाव्या लागल्या. भाषापट्टीला दहापैकी दहा.

मागच्या बाजूची चित्रं: दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. कर्नाटकाला पन्नास आणि महाराष्ट्राला वीस, हा तीस रुपयांचा फरक अजून कुठल्या मोर्चात आला नाही, हे नशीबच! तसा तो रथही हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या आवारातला. विठ्ठलाची मूर्ती हंपीहून पंढरपूरला परत आणली ती भानुदासांनी, असं वारकरी मानतात. म्हणजे पन्नासची नोट दोन्हीकडची. इमारती निवडल्या हे शहाणपण. माणसं निवडायची म्हटलं असतं तर कित्तूरची चन्नम्मा की शिवाजी महाराज, हा वाद निपाणीपासून खानापूरपर्यंत पेटला असता.

युरोने याच भीतीपोटी खरे पूलसुद्धा टाळले. २००२च्या नोटांवरचे पूल निव्वळ शैली दाखवणारे, काल्पनिक. पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावानं ते प्रत्यक्षात बांधून काढले. नॉर्वेच्या आताच्या नोटांचा विषय समुद्र, दोनशे क्रोनरवर चक्क कॉड मासा. स्वित्झर्लंडनं २०१६ पासूनच्या मालिकेत चेहरे काढून हात आणले, आणि त्याही नोटांवर चार भाषा आहेत.

पुढच्या बाजूला १९९६ पासून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर गांधीजीच. खरं तर स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजींचं चित्र घालायचे नमुने तयार झाले होते, पण शेवटी सारनाथचे सिंह ठरले. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला. चेहरा छापण्यामागे व्यवहारही आहे. रोजच्या ओळखीचा चेहरा जरा बिघडला तरी नजरेला खटकतो. पण सगळ्या नोटांवर एकच चेहरा असला की तो किंमत सांगत नाही. जपाननं जुलै २०२४ मध्ये आणलेल्या नोटांत दहा हजारावर उद्योजक शिबुसावा, पाच हजारावर स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या त्सुदा उमेको आणि हजारावर प्लेगचा जंतू शोधणारे कितासातो आहेत. माणूस ओळखला की रक्कम कळते.

आपल्याकडे मग उरतो रंग आणि आकार, आणि इथंच मालिका मार खाते. शंभर, दोनशे, पाचशे तिन्हींची उंची ६६ मिमी. लांबी १४२, १४६, १५०. फक्त चार-चार मिलिमीटरची पायरी! स्विस नोटांत ती सात मिलिमीटरची आहे. अंध ग्राहकानं बोटांनी चार मिलिमीटर मोजायचे कसे? त्यांच्यासाठी शंभरवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेषा, दोनशेवर इंग्रजी 'एच' आणि चार रेषांमधे दोन गोल, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेषा. कोऱ्या नोटेवर हे छान लागतं. रविवार पेठेत चार महिने फिरून, घामाच्या खिशात घडी होऊन आलेल्या नोटेवर मात्र उठाव दबलेला असतो. पन्नास आणि त्याखालच्या नोटांवर तर ही खूणच नाही.

संध्याकाळच्या बाजारात पिवळी दोनशे आणि हिरवट पिवळी वीस घडी घातलेल्या असल्या की गफलत होते. उपाय सोपा: घडी उलगडूनच नोट घ्यायची. वीसची लांबी १२९ मिमी, उघडल्यावर सतरा मिलिमीटरचा फरक लपत नाही. दोनशे-पाचशे घेताना उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासह असलेला आकडा तिरपा करून पाहा, हिरव्याचा निळा व्हायला हवा. नोटेत बसवलेला सुरक्षा धागाही तसाच रंग बदलतो. रंगीत झेरॉक्सला हे जमत नाही.

फाटलेल्या नोटेचं गणित वेगळं. वीसपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून जास्त भाग हाती असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर शून्य. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. पाचशेची नोट ९९ चौरस सेंटिमीटरची, म्हणजे निम्म्या पैशांसाठी साधारण ४० चौरस सेंटिमीटरचा एक तुकडा शाबूत हवा. बदलायला दलालाला कमिशन द्यायची गरज नाही, बँकेच्या शाखेत जा. आणि गड्डीला टाचण्या मारू नका. टाचणी उपसताना नोट फाटते.