मावशीकडे आलेलं बारावं मांजर : ठेवायचं, दत्तक द्यायचं की परत सोडायचं?

माझ्या मावशीकडे ११ मांजरं आहेत. एकही विकत आणलेलं नाही. एक गटारात सापडलं, दोन पिल्लं कुणीतरी खोक्यात घालून दाराशी ठेवून गेलं, एक बोका पाय लंगडत स्वतःच आत आला आणि पलंगाखाली जाऊन बसला. गेल्या महिन्यात एक भाटी दोन पिल्लं घेऊन अंगणात आली, तेव्हा मावशीने पहिल्यांदाच विचारलं, "आता काय करू गं?" तोवर हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. दारात आलं ते आपलं, एवढाच तिचा हिशोब.

तुमच्या घरातही अशी मावशी, काका किंवा ताई असेल आणि पुढच्या मांजराचं काय करायचं हे ठरवायला तुम्ही त्यांच्यासोबत बसला असाल, तर मार्ग तीन आहेत. कायमचं घरात घेणं, काही आठवडे सांभाळून दुसऱ्या घरी दत्तक देणं, किंवा नसबंदी आणि लसीकरण करून जिथून आणलं तिथेच परत सोडणं व रोज खाऊ घालणं. निवाऱ्यात नेऊन देणं हा चौथा मार्ग. जिथे नवीन आलेली मांजरं वेगळी ठेवतात, तिथे तो खुशाल वापरा. गर्दीच्या निवाऱ्यात मात्र लहान पिल्लांना आजार फार लवकर लागतात, म्हणून मी तो शेवटी धरते.

मांजर कोणतं आहे?

आमची चूक इथेच होत होती. निर्णय मावशीच्या मायेवर व्हायचा, मांजराचं वय आणि स्वभाव कुणी बघतच नव्हतं. पिल्लाला माणसाची सवय सगळ्यात सहज लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. या वयात रोज हातात घेतलेलं पिल्लू कुठल्याही घरात रुळतं. तो काळ माणसाशिवाय गेला आणि मांजर उघड्यावरच वाढलं, तर त्याच्या लेखी माणूस म्हणजे संकट. मावशीने अशी एक मोठी भाटी घरात घेतली होती. ती दोन वर्षं कपाटामागे राहिली. रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन खायची, कुणाची चाहूल लागली की परत आत. मावशीला वाटायचं, आपण तिला वाचवलं. मला त्या भाटीचे डोळे आठवतात आणि अजून वाईट वाटतं.

म्हणून माणसाला घाबरणारं, हात पुढे केला की फिस्कारणारं, पण अंगाने धडधाकट असलेलं मोठं मांजर असेल, तर माझं मत परत सोडण्याच्या बाजूने आहे. यात त्याला टाकून देणं नाही. आपलं पाणी, आपली लपायची जागा, आपला रस्ता त्याला माहीत असतो. अनोळखी भागात सोडलं तर यातलं काहीच राहत नाही. म्हणून सोडायचं ते त्याच जागी. नसबंदी झाल्याची खूण म्हणून भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडून पुन्हा टेबलावर जात नाही. मात्र हा मार्ग निवडला तर रोजचं खाणं-पाणी आणि आजारपणात पकडून नेणं ही जबाबदारी कुणीतरी घेतलीच पाहिजे. माणसाळलेलं, म्हातारं किंवा अधू मांजर असं सोडू नये.

नसबंदीबाबत मात्र तिन्ही मार्गांत फरक नाही, ती करायचीच. भाटी चार महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते, गाभण राहिली की नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. बोक्याची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

दत्तक देणं : सगळ्यात कष्टाचं, सगळ्यात मोलाचं

पिल्लं सापडली की मावशी लगेच उचलायची. आता आम्ही आधी लांबून वाट पाहतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो, ते उगाच नाही. एक पिल्लू ठेवून दुसरं आणायला आई गेलेली असू शकते. पिल्लं गार पडली नसतील, रडत नसतील, तर काही तास थांबावं. आई आलीच नाही तर मात्र काम मोठं असतं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लांसाठीचं तयार दूध द्यावं लागतं. गाईच्या दुधाने जुलाब होतात. आधी अंग ऊबदार करायचं, मग दूध. प्रत्येक वेळी ओल्या मऊ कापडाने पुसून शी-शू करवून घ्यायची, कारण पहिले तीनेक आठवडे त्यांना ती आपणहून होत नाही.

एवढं करून आठ-नऊ आठवड्यांचं झालेलं पिल्लू दुसऱ्याच्या हातात देताना मावशी रडते. दरवेळी रडते. तिला समजावताना मी एकच गोष्ट दाखवते : ते गेलं म्हणून त्याची टोपली रिकामी झाली, आणि पुढचं पिल्लू तिथेच जगलं. कायमचं ठेवण्यात आणि दत्तक देण्यात खरा फरक हाच आहे. ठेवलेलं मांजर पंधरा-पंधरा वर्षं जगतं, तेवढी वर्षं ती जागा अडते. दत्तक देणाऱ्या घरात एकच कोपरा कितीतरी जिवांच्या कामी येतो.

घर निवडताना लाजू नका. खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांना मांजर हवंय का, गावाला गेल्यावर कोण पाहणार, हे तोंडावर विचारा. शक्य असेल तर दोन भावंडं एकत्र द्या. आणि नसबंदी करूनच द्या. पिल्लू निरोगी आणि साधारण एक किलोचं झालं की बरेच पशुवैद्य ती करतात. "आम्ही नंतर करू" म्हणणाऱ्यांपैकी काहींकडून आमच्याकडे पुढची पिल्लं आली आहेत.

घरात ठेवायचं तर कोणतं आणि किती?

जे मांजर दुसरीकडे कुणी नेणार नाही आणि बाहेर जगणार नाही, त्याच्यासाठी घरातली जागा राखून ठेवावी. आंधळं, म्हातारं, कायम औषधावर असलेलं. मावशीचा लंगडा बोका असाच आहे. गोंडस पिल्लाने ती जागा घेऊ नये, त्याला दुसरं घर मिळतं.

किती, याचं उत्तर लोक खोल्या मोजून देतात. मांजरं असतील त्यापेक्षा शी-शूची एक पेटी जास्त हवी, असंही सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण माझी कसोटी वेगळी आहे. रात्री झोपताना प्रत्येक मांजराचं नाव घेऊन सांगता येतं का, की आज ते जेवलं आणि आज त्याने शू केली? मावशीला पूर्वी येत असे. अकराव्या मांजरानंतर तिला ठिपकीबद्दल सांगता येईना. ठिपकी दोन दिवस जेवली नव्हती, हे गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. ठिपकी वाचली. बोका पेटीत वारंवार बसून कुंथतोय आणि शू होत नाहीये, तर त्याला त्याच दिवशी, ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावं लागतं. ११ जणांत कोण किती वेळा पेटीत गेलं हे पाहायला डोळे लागतात, आणि ते दोनच असतात.

दुसरी गोष्ट लागणीची. तीन वर्षांपूर्वी एक अशक्त पिल्लू थेट इतरांत सोडलं आणि आठवडाभरात घरातली तीन पिल्लं उलट्या-जुलाबांनी गेली. मांजरांच्या पार्व्होचा हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो, साध्या फिनेलने मरत नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं. तेव्हापासून नवीन मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत राहतं, तिथली भांडी वेगळी, आत जाऊन आलं की हात धुणं. ल्युकेमियाच्या विषाणूची रक्ततपासणी केल्याशिवाय ते इतरांत मिसळत नाही, कारण तो एकमेकांना चाटण्यातून आणि भांड्यांतूनही पसरतो. दत्तक देणार असाल तरी हे दोन आठवडे चुकत नाहीत. परत सोडायचं असेल तर मांजर इतरांत मिसळतच नाही, त्यामुळे गच्च भरलेल्या घराला तोच मार्ग झेपतो.

एक गोष्ट जड मनाने लिहिते. घरात वास मारतोय, आजारी मांजरं उपचारांविना आहेत, आणि तरी सगळं ठीक आहे असं तुमचा माणूस मनापासून म्हणतोय, तर प्रश्न मांजरांचा राहिलेला नाही. प्राण्यांचा असा साठा होत जाणं हे साठवणुकीच्या मानसिक आजाराचं एक रूप असू शकतं. हा आजार २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्रपणे नोंदला गेला. तिथे रागावून किंवा एका दिवसात सगळी मांजरं उचलून उपयोग होत नाही. त्या माणसालाही डॉक्टर हवा असतो.

मावशी त्या टोकाला नाही. तिला "आता एकही आणू नकोस" म्हटलं असतं तर तिने लपवून आणलं असतं. म्हणून आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि त्या भाटीचं नि पिल्लांचं वेगवेगळं ठरवलं. पिल्लं सहा आठवड्यांची होती, आईच्या मागे लपायची पण हातातून खायला लागली होती. ती दत्तकासाठी वेगळ्या खोलीत आली, आणि नसबंदी झाल्यावर दोघं एकाच घरी गेली. पिल्लं दूध सोडून खाऊ लागल्यावर भाटीची नसबंदी केली आणि तिला अंगणाच्या भिंतीपलीकडे तिच्या जागी सोडलं. संध्याकाळी मावशी ताटली ठेवते आणि दहा पावलं मागे येऊन पायरीवर बसते. तेवढं अंतर असलं की भाटी जेवते.